रिकामी चौकट, पान एकतीस

"हा पक्षी कोण?" फौजदारांनी विचारलं.

"गरुड," पाठक मास्तर म्हणाले.

"ते दिसतंय मला. तो कुणाच्या जागी काढलाय, ते सांगा."

मशीन बंद करायला लावलं होतं, त्यामुळे प्रेसमध्ये नको इतकी शांतता होती. फौजदारांच्या हातात एकतिसाव्या पानाचं ओलं प्रूफ होतं. प्रूफ म्हणजे छपाईआधी चुका बघायला काढलेला कच्चा कागद. त्याची शाई त्यांच्या बोटांना लागली, बोटांची कपाळाला लागली. मी बघत होतो आणि मुद्दाम सांगत नव्हतो.

ही गोष्ट सन त्रेचाळीसच्या मे महिन्यातली, नगरची. नालेगावातल्या एका प्रेसमध्ये मी कंपोझिटर होतो. कंपोझिटर म्हणजे खिळे जुळवणारा. एकेक अक्षर शिशाचं, तेही उलटं. ते खणातून वेचायचं, ओळ करायची, ओळींचं पान करायचं आणि पान दोऱ्याने करकचून बांधायचं. हल्ली हे सगळं मोडीत निघालंय, म्हणून सांगून ठेवतो.

आमच्या धंद्यात एक कायदा होता. प्रूफवर जेवढी खूण, तेवढीच दुरुस्ती. खूण नसेल तिथे कंपोझिटरने हात लावायचा नाही. मी नवा असताना एका लग्नपत्रिकेत शहाणपणा करून नवरीच्या आजोबांच्या नावाआधी आपल्या मनाने 'कै.' घातलं होतं. पत्रिका घ्यायला आजोबा स्वतः आले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. हा कायदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुस्तक पाठक मास्तरांचं होतं. ते शेवगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि शनिवारी शेवटच्या तासाला ग्रीक लोकांच्या देवादिकांच्या गोष्टी सांगायचे. वीस वर्षं सांगितल्या, मग एकदाच्या मराठीत लिहून काढल्या. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने मास्तर धुराने काळे होऊन नगरला यायचे, माझ्याजवळ स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "दत्तू, दिसतंय तोवर हातात दे बाबा." त्यांची एवढीच मागणी होती. मी शब्द दिला होता की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पुस्तक शेवगावात पोचेल.

त्या ग्रीक देवांचा राग भारी. राग आला की ते सहसा स्वतः यायचे नाहीत, जनावराला पुढे करायचे. एका राजाने सुगीचा नैवेद्य सगळ्या देवांना दाखवला आणि एका देवीला विसरला. तिने असं रानडुक्कर सोडलं की त्याने राज्यातली सगळी शेतं उकरून टाकली. आमचा मशीनवाला रंभाजी केडगावचा. पायाने ट्रेडल मशीन मारता मारता तो हे सगळं ऐकायचा. तो म्हणाला, "ह्यात ग्रीक काय हाय? आमच्याकडं बी देवीचं राहिलं की डुकरं येत्यात. पर मास्तर, चूक राजाची अन् पीक गरिबाचं का?" वीस वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, असं मास्तर म्हणाले.

मुख्य गोष्ट होती प्रोमेथ्यूसची. त्याने देवांच्या घरातून विस्तव चोरला आणि माणसांना दिला. देवांचा राजा झ्यूस खवळला. त्याने प्रोमेथ्यूसला खडकाला साखळदंडांनी जखडलं आणि शिक्षा म्हणून एक गरुड लावून दिला. गरुडाने रोज यायचं आणि त्याचं काळीज खायचं. रात्रीत काळीज पुन्हा वाढायचं आणि सकाळी गरुड पुन्हा हजर.

या गोष्टीला चित्र हवं होतं. चित्र छापायचे ब्लॉक, म्हणजे ठसे, जस्ताचे, ते पुण्याहून यायचे. लढाईपायी जस्त मिळेना. मग आम्ही सर्जेपुऱ्यातल्या इमामभाईंना गाठलं. ते विड्यांच्या बंडलांची लेबलं आणि कापड छापायचे ठसे लाकडात कोरायचे. मास्तरांनी त्यांना समोर बसवून गोष्ट सांगितली. इमामभाईंनी शिसवी ठोकळा घेतला आणि बारा दिवस त्यावर मान मोडून बसले. असा ब्लॉक मी नंतर चाळीस वर्षांत पाहिला नाही. गरुडाचं पीस न् पीस मोजून घ्यावं.

आता फौजदार आमच्याकडे का, ते सांगतो. आदल्या वर्षी ऑगस्टात शहरात एक पत्रक वाटलं गेलं आणि ते आमच्या प्रेसमध्ये छापलं असा पोलिसांचा संशय होता. तो संशय बरोबर होता की नाही, ते मी इथे सांगत नाही. पण तेव्हापासून आम्हाला ताकीद होती की प्रत्येक प्रूफ आधी दाखवायचं, तीन प्रतींवर सही घ्यायची, आणि मगच छापायचं. एक प्रत प्रेसला, एक लेखकाला, एक पोलिसांच्या फायलीत. सहीबाहेर एक अक्षर छापलं तर प्रेसला सील. आम्ही चौघं-पाचजण त्या प्रेसवर जगत होतो. आणि प्रेसला सील म्हणजे मास्तरांचं पुस्तक त्यांचे डोळे जाईपर्यंत कुलपात.

त्या दिवशी फौजदार सकाळपासून एकेका जनावराचा अर्थ विचारत होते. रानडुक्कर म्हणजे सरकारी धान्यवसुलीवाले का? मास्तर म्हणाले, नाही साहेब, डुक्कर म्हणजे डुक्करच. मग ती शिकाऱ्याची गोष्ट आली. एका शिकाऱ्याने चुकून देवीला आंघोळ करताना पाहिलं. तिने त्याचं हरीण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. हे पान फौजदारांनी दोनदा वाचलं.

"स्वतःच्या धन्याला ओळखलं नाही कुत्र्यांनी?"

"नाही ओळखलं," मास्तर म्हणाले. "कुत्री इमानी होती, साहेब. धनी खूश होईल म्हणूनच तर फाडत होती."

फौजदारांनी पान उलटलं. तिथे त्यांनी एकही खूण केली नाही. आणि मग गरुड आला.

मास्तरांनी त्यांना सांगितलं की गरुड झ्यूसचा, म्हणजे शिक्षेचा. फौजदार म्हणाले, म्हणजे सरकारचा. मास्तर म्हणाले, गोष्ट हजारो वर्षांची आहे, तेव्हा हे सरकार नव्हतं. मग फौजदारांनी विचारलं की हा चोर शेवटी माफी मागतो ना? त्या दिवसांत कैद्यांकडून माफीनामे लिहून घ्यायची टूम होती. लिहून दिलं की सुटका.

"नाही मागत," मास्तर म्हणाले.

"मग मागू दे. दोन ओळी घाला शेवटी. मुलांना चांगलं वळण लागेल."

"त्याने ज्या गोष्टीची माफी मागितली नाही, ती मी त्याच्या वतीने कशी मागू?"

मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण स्टुलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. आमचे मालक आप्पा कोपऱ्यात उभे होते, त्यांची पाचावर धारण बसली होती. मास्तर पुढे म्हणाले की ही गोष्ट विलायतेत शाळेत शिकवतात, कलेक्टरसाहेबांनी लहानपणी वाचली असणार, ती बंद केली तर साहेबच कारण विचारतील. हे मात्र फौजदारांना पटलं. मजकूर बचावला.

चित्र वाचलं नाही. फौजदारांनी ते खिडकीजवळ नेलं आणि बघत राहिले. "हा खडक कुठला?" ते म्हणाले. तेव्हा कुठे आम्ही सगळ्यांनी तो खडक नीट पाहिला. बारा दिवस आम्ही गरुडाची पिसं मोजत होतो. खडकाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तो डोंगराचा खडक नव्हताच. एकावर एक घडीव दगडांचे थर, मधे गोलसर फुगीर बुरूज, पायाशी खंदक. नगरचा भुईकोट किल्ला. आणि त्या किल्ल्यात त्या वर्षी देशाचे कोण कोण पुढारी कोंडलेले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मोठ्याने कुणी बोलत नव्हतं.

इमामभाईंना बोलावणं गेलं. ते आले, फौजदारांना सलाम केला. असा दगड का कोरला, असं विचारल्यावर त्यांना प्रश्नच कळेना.

"मास्तर म्हणाले, मोठा दगड आहे, त्याला माणूस बांधलाय, सोडत नाहीत," इमामभाई म्हणाले. "असा दगड मी एकच पाहिलाय साहेब. रोज भिंगारला जाताना बघतो."

ही चलाखी होती की भोळेपणा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी पुढे एकदा विचारलंही. ते हसले आणि विडी पेटवली.

फौजदारांनी ब्लॉक जप्त केला. इमामभाई तो रुमालात गुंडाळून द्यायला लागले, कडा दुखावू नयेत म्हणून. शिपायाने तसाच ओढून घेतला आणि पोत्यात टाकला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग फौजदारांनी तिन्ही प्रूफांवर चित्राच्या पोटात लाल पेन्सिलीने मोठी फुली मारली, खाली लिहिलं, 'चित्र वगळावे. बाकी मंजूर', आणि तीनदा सही ठोकून निघून गेले. कपाळाची शाई तशीच घेऊन.

मी प्रूफ हातात घेतलं आणि बघितलं. फुली चित्रावर होती. चित्राभोवती मी पितळी पट्टीची चौकट बसवली होती, तिच्यावर फुली नव्हती. चौकटीखाली मास्तरांनी दिलेली ओळ होती: 'गरुड रोज येई. पण प्रोमेथ्यूसने माफी मागितली नाही.' तिच्यावरही नव्हती. बाकी मंजूर.

आप्पा म्हणाले, चौकट काढ, ती ओळ काढ, खालचा मजकूर वर घे आणि मोकळा हो. मी म्हणालो, नाही. खूण चित्राला आहे, चित्र काढतो. खुणेबाहेर मी हात लावत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय, त्या आजोबांच्या वेळी. आप्पा चिडले. मला मूर्ख म्हणाले, प्रेस बुडवायला निघालास म्हणाले. मी म्हणालो, कामावरून काढा, पण दुसऱ्या कुणाला चौकट काढायला लावलंत तर सहीबाहेरचं काम होईल, मग सील लागलं तर मला सांगू नका. आप्पांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर प्रूफ डोळ्यांच्या अगदी जवळ धरून ती रिकामी होणारी जागा बघत होते.

"पुस्तकाच्या शेवटी मुद्रक म्हणून माझं नाव आहे," आप्पा मला म्हणाले. "तुझं नाही."

"मग माझंही घाला."

आणि मी घातलं. शेवटच्या पानावर मुद्रकाच्या खाली एक ओळ जुळवली: 'जुळणी: दत्तात्रय क्षीरसागर'. कंपोझिटरचं नाव कुणी छापत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत ते त्या एकाच पुस्तकात आहे. आप्पांनी ते पाहिलं, हात टेकले आणि रंभाजीला मशीन सुरू करायला सांगितलं.

पाचशे प्रती झाल्या. जून उजाडायच्या तीन दिवस आधी त्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढल्या आणि शेवगावला पोचल्या. पहिली प्रत मास्तरांनी माझ्यासमोर उघडली, पानाला नाक लावून वाचली आणि एकतिसाव्या पानावर थांबले. मला वाटलं रडतील. ते हसले.

पंधरवड्याने फौजदार आले. हातात पुस्तक, बरोबर दोन शिपाई. एकतिसावं पान त्यांनी माझ्या तोंडासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"काही नाही, साहेब. तुम्ही सांगितलं तेवढं काढलं."

आप्पांनी आमची सहीची प्रत पुढे केली. फौजदारांनी ती घेतली, बघितली आणि टराटरा फाडली. मला भीती वाटली का? वाटली. पण तो ब्लॉक पोत्यात टाकलेला आठवला आणि भीती मागे पडली. मी म्हणालो, दुसरी मास्तरांकडे शेवगावात आहे आणि तिसरी तुमच्या फायलीत आहे, साहेब.

त्यांनी मला चौकीवर नेलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. दुपारी त्यांनी फाईल मागवली. आपलीच फुली, आपलीच सही आणि आपलंच 'बाकी मंजूर' बराच वेळ बघत बसले. मग कोरा कागद आणि टाक माझ्यापुढे सरकवला.

"माफी लिहून दे. चूक झाली म्हण, पुस्तकं परत मागव, आणि घरी जा."

"या प्रूफात नाही असं एक अक्षर पुस्तकात दाखवा," मी म्हणालो. "तेवढ्याची लिहितो."

माणूस हट्टी होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने प्रूफांची चळत शेजारी ठेवली आणि पुस्तक पहिल्या पानापासून ताडून पाहिलं. ऊन खाली उतरलं तेव्हा तो शेवटच्या पानावर आला आणि त्याचं बोट थांबलं.

"हे नाव प्रूफात नाही."

खरं होतं. रागाच्या भरात ती ओळ घालताना मी माझाच कायदा मोडला होता. प्रेसला सील लावायला तेवढं पुरेसं होतं. पण ते प्रकरण वर पाठवायचं तर सोबत सगळी प्रूफं जाणार, त्याचंच 'बाकी मंजूर' लिहिलेलं एकतीस नंबरसुद्धा, आणि हे त्यालाही कळत होतं. तो माझ्याकडे बघत होता. मला सुचलं ते मी बोललो.

"ते माझं नाव आहे, साहेब. नावाची माफी मागू?"

फौजदारांनी पुस्तक मिटलं. फाईल बांधली. हाताने जा अशी खूण केली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, वेगळाच, खालच्या पट्टीतला.

"त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं? पुस्तकात नाही ते."

मी मास्तरांकडून ऐकलं होतं, म्हणून सांगितलं. "ती धन्याला शोधत रानभर विव्हळत हिंडली, म्हणतात. त्यांना कळलंच नाही."

पुस्तकं शेवगावातून कुणी परत आणली नाहीत आणि प्रेसला सीलही लागलं नाही.

शाळा उघडल्यावर मास्तरांनी वर्गाला सांगितलं की एकतिसाव्या पानावर चित्र काढायचं राहिलंय, ते ज्याचं त्याने काढा. श्रावणात ते चाळीसेक पुस्तकं पिशवीत घालून नगरला आले आणि इमामभाईंपुढे ठेवली. गरुड त्या मुलांपैकी कुणी पाहिला नव्हता. कुणी घार काढली होती, कुणी गिधाड, एकाने तर चक्क कोंबडा. एका मुलीने पक्ष्याच्या पायांत बूट घातले होते आणि कमरेला पट्टा. इमामभाईंनी सगळी पुस्तकं एकेक करून पाहिली. बारा दिवसांचं काम गेल्यावर ज्या माणसाने हूं की चूं केलं नव्हतं, तो त्या बुटांपाशी आला आणि घळाघळा रडला.

स्वातंत्र्य आल्यावर मी ब्लॉक परत मिळावा म्हणून अर्ज केला. तीन खेपा घातल्यावर कारकुनाने जुनी नोंद वाचून दाखवली: लाकडी ठोकळा एक, निरुपयोगी, पाणी तापवण्याकामी जाळला. मी इमामभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "चला, विस्तव तर झाला." आणि नवा ठोकळा कोरून देतो म्हणाले, कारण एकोणपन्नासात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती.

मास्तरांचे डोळे तोवर पूर्ण गेले होते. नातीचा हात धरून ते प्रेसमध्ये आले. इमामभाईंनी पिशवीतून कोरा ठोकळा काढला आणि नव्या चित्राची गोष्ट काढली. आता कुणाची बंदी नव्हती, आप्पाही तयार होते. मास्तर म्हणाले, नको, ती चौकट आहे तशी राहू द्या. इमामभाईंनी मान डोलावली आणि ठोकळा पिशवीत परत ठेवला.

मी तेच पान पुन्हा जुळवलं, शेवटी माझं नावही, यावेळी प्रूफात आधी घालून. छापलेला पहिला कागद मास्तरांच्या हातात दिला. पितळी पट्टीचा दाब कागदावर उमटतो, बोटाला लागतो. मास्तरांनी बोट फिरवत चौकटीच्या चारी बाजू शोधल्या, चारी कोपऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, "आहे."

लोकांना वाटतं, कोरी जागा म्हणजे तिथे काही नसतं. तसं नाही. तिथे शिशाचे बुटके तुकडे बसवावे लागतात, अक्षरापेक्षा कमी उंचीचे, म्हणून त्यांना शाई लागत नाही. ते घट्ट बसले नाहीत तर मशीन सुरू झाल्यावर आजूबाजूची सगळी अक्षरं निसटतात. एकतिसाव्या पानावर ते मी दोन्ही वेळा घट्ट बसवले होते.